वारा कुठे अडला?

"एसीचा गॅस संपला असेल का हो?"

गाडीच्या जाळीतून वारा यायचा थांबला की बहुतेकांच्या तोंडी पहिला प्रश्न हाच येतो. एसीचं बटण दाबलं की त्यावरचा दिवा लागतो, सगळं ठीक असल्यासारखं वाटतं, पण डॅशबोर्डच्या जाळीपुढे हात धरला तर साधी फुंकरही लागत नाही. मग गाडी गॅस भरायला जाते.

या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे. गॅस संपला तर वारा येतो, फक्त तो गार नसतो. वाराच येत नसेल तर दोष बहुधा गॅसमध्ये नसून ब्लोअरमध्ये किंवा ब्लोअरपर्यंत जाणाऱ्या विजेच्या वाटेत आहे. ती वाट या प्रकरणात टप्प्याटप्प्याने पाहू. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. घरातला पंख्याचा रेग्युलेटर, मिक्सरचे कार्बन आणि मीटरजवळचा फ्यूज ज्याने पाहिला आहे, त्याला हे सगळं समजेल.

१. गारवा वेगळा, वारा वेगळा

गाडीच्या एसीत दोन कामं चालतात. पहिलं काम गारवा तयार करण्याचं. बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो. तो गॅस गाडीच्या नाकाशी असलेल्या कंडेन्सरमध्ये आपली उष्णता बाहेर टाकतो आणि शेवटी डॅशबोर्डच्या पोटातल्या कूलिंग कॉइलमध्ये प्रसरण पावून ती कॉइल गार करतो. दुसरं काम त्या गार कॉइलवरून हवा ढकलून आपल्यापर्यंत आणण्याचं. हे काम ब्लोअर करतो.

विदर्भात उन्हाळ्यात दारं-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावतात. पडदा कितीही भिजवा, वारा पडला की खोली तापतेच. गाडीतली कूलिंग कॉइल म्हणजे तो भिजलेला वाळा, आणि ब्लोअर म्हणजे वारा.

ब्लोअरचं महत्त्व किती जुनं आहे पाहा. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलसाठी मोटारीत कारखान्यातच एसी बसवून द्यायला सुरुवात केली. त्या यंत्रणेत कॉम्प्रेसर इंजिनापासून सोडवणारा क्लच नव्हता, त्यामुळे इंजिन फिरलं की कॉम्प्रेसरही फिरायचा. गारवा नको असेल तर चालकाने ब्लोअर बंद करायचा, आणि हिवाळ्यात तर इंजिन थांबवून पट्टाच काढून ठेवायचा. म्हणजे त्या काळी "एसी बंद कर" याचा अर्थ "ब्लोअर बंद कर" असाच होता.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. हीटरची हवा आणि समोरच्या काचेवरची वाफ घालवणारी हवासुद्धा हाच ब्लोअर ढकलतो. म्हणून मे महिन्यातल्या उकाड्यापेक्षा जुलैतल्या घाटात बंद ब्लोअर जास्त धोक्याचा.

२. ब्लोअरच्या आत काय असतं?

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ब्लोअर डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा खाली असतो. वाकून पाहिलं तर काळ्या प्लॅस्टिकचा डबा दिसतो. त्याच्या तळाला थाळीएवढं गोल झाकण, झाकणाला दोन-तीन स्क्रू आणि त्यातून निघालेल्या दोन जाड वायरी. झाकणासकट मोटर खाली उतरते आणि तिच्यावर बसवलेलं पिंजऱ्यासारखं चाक दिसतं. उभ्या पात्यांचं हे चाक मधून हवा घेतं आणि कडेने फेकतं.

मोटर १२ व्होल्टची, साधी डीसी. फिरणाऱ्या भागाला वीज पोचवण्यासाठी आत कार्बनचे दोन छोटे ठोकळे स्प्रिंगने दाबून धरलेले असतात. मिक्सर दुरुस्तीला दिल्यावर दुकानदार "कार्बन संपलेत" म्हणतो, तेच हे कार्बन. घासत घासत ते झिजतात आणि एक दिवस पुरेसे टेकत नाहीत.

३. करंटची वाट

मोटरपर्यंत वीज कशी येते हे एकदा डोळ्यांपुढे आणलं की अर्धं निदान झालं. बॅटरीतून निघालेला करंट आधी फ्यूजमधून जातो, मग रिलेमधून. पुढे मोटर, रेझिस्टर आणि वेग बदलायचा स्विच. शेवटी गाडीच्या पत्र्यातून, म्हणजे अर्थमधून, तो बॅटरीच्या निगेटिव्हला परत येतो. काही गाड्यांत स्विच मोटरच्या आधी असतो, काहींत मोटरच्या नंतर. पण साखळीतल्या कड्या त्याच.

शेतातल्या पाटाचं पाणी आठवा. विहिरीवरची मोटर चालू आहे, पण शेवटच्या वाफ्यात पाणी पोचत नाही. अशा वेळी शेतकरी मोटर बदलत नाही. तो पाटाच्या कडेने चालत जातो आणि पाणी कुठवर आलं आहे ते बघतो. ब्लोअरचा तपास म्हणजे असंच पाटाच्या कडेने चालणं.

फरक एकच आहे. पाणी वाफ्यात जिरतं, करंटला मात्र परत यावं लागतं. म्हणून येण्याची वाट जितकी महत्त्वाची तितकीच परतीचीही. घाईत केलेल्या दुरुस्तीत ही परतीची वाट तपासायची राहून जाते.

४. हत्यार उचलण्याआधी ऐका

ब्लोअर बंद पडताना बहुधा काहीतरी सांगून जातो. ते नीट ऐकलं तर तपास निम्म्यावर येतो.

पहिले वेग गेले, फक्त शेवटचा वेग चालतो: रेझिस्टर जळला आहे.

मधलाच एखादा वेग गेला: रेझिस्टरचा एक भाग किंवा स्विचमधला एक संपर्क गेला आहे.

कुठल्याच वेगावर हालचाल नाही: फ्यूज, रिले, स्विच, मोटर, कपलर किंवा अर्थ यांपैकी एक.

खड्ड्यात गाडी आदळली की चालू होतो, पुन्हा बंद पडतो: सैल कपलर, सैल अर्थ किंवा झिजलेले कार्बन.

आधी काही दिवस चिरचिर किंवा खरखर येत होती: मोटरचं बूश सुकलं आहे, नाहीतर चाकात पाला-कचरा अडकला आहे.

जळल्याचा वास आला: स्विच लगेच बंद करा आणि तपासाशिवाय पुन्हा लावू नका.

एक गोष्ट दोष नव्हे. इंजिनाला स्टार्टर मारताना ब्लोअर क्षणभर थांबतो. सगळी ताकद स्टार्टरला मिळावी म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते.

५. फ्यूज: उडाला म्हणजे त्याने काम केलं

ब्लोअरचा फ्यूज बहुतेक गाड्यांत ३० किंवा ४० ॲम्पिअरचा असतो. तो कुठे आहे हे फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीसोबतच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. पात्याच्या फ्यूजना ठरलेले रंग असतात: १० ॲम्पिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा आणि ४० चा नारिंगी. पारदर्शक प्लॅस्टिकमधून आतली पट्टी दिसते. ती तुटलेली किंवा वितळलेली असेल तर फ्यूज गेला.

फ्यूज का उडतो? वायरीतून करंट गेला की ती तापते. करंट दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. वायर तापून तिचं आवरण जळण्याआधी फ्यूजची पट्टी वितळावी, एवढ्यासाठीच तो बसवलेला असतो.

म्हणून उडालेला फ्यूज बदलताना दोन गोष्टी पाळा. तेवढ्याच ॲम्पिअरचा बसवा, आणि तो पुन्हा उडाला तर तिसरा बसवू नका, कारण शोधा. मोटर जाम झाली असेल किंवा उंदराने वायर कुरतडून ती पत्र्याला टेकली असेल. ३० च्या जागी ४० चा घालणं किंवा तारेचा तुकडा वाकवून खोचणं म्हणजे "फ्यूज उडायच्या ऐवजी वायर जळू दे" असं गाडीला सांगणं. ही वायर डॅशबोर्डच्या मागून, आपल्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावरून जाते.

६. रिले: छोट्या करंटने मोठा करंट हलवणारा

ब्लोअरचा सगळा करंट चावीच्या स्विचमधून नेला तर त्याचे नाजूक संपर्क जळतील. म्हणून मध्ये रिले असतो. काडेपेटीहून लहान अशा या डबीत एक तारेची गुंडाळी असते. चावी फिरवली की गुंडाळीत थोडासा करंट जातो, तिचं चुंबक होतं, ते एक पट्टी ओढून घेतं आणि जाड करंटचा रस्ता जोडला जातो. गुरांच्या गोठ्याचं जड फाटक दोरी ओढून दुरूनच उघडावं, तसं हे काम.

साध्या चार पायांच्या रिलेवर ८५, ८६, ३० आणि ८७ असे आकडे असतात. ८५ आणि ८६ ही गुंडाळीची टोकं. ३० वर बॅटरीचा करंट येतो आणि ८७ मधून पुढे जातो.

तपासणी सोपी आहे. रिलेवर बोट ठेवा आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. बोटाला 'टक्' जाणवायला हवी. जाणवली नाही तर फ्यूज बॉक्समध्ये अगदी तसाच, तोच क्रमांक असलेला दुसरा रिले बघा, बऱ्याचदा हॉर्नचा असतो. दोघांची अदलाबदल करा. ब्लोअर चालू झाला आणि हॉर्न बंद पडला तर आपलं उत्तर मिळालं. मात्र टक् झाली म्हणजे रिले चांगलाच, असंही नाही. आतले संपर्क जळून काळे पडले असतील तर पट्टी हलते, पण करंट पुढे जात नाही.

७. रेझिस्टर: पंख्याचा जुना रेग्युलेटर

ज्यांच्या घरी छताच्या पंख्याला जुना, मोठ्या डब्याचा रेग्युलेटर होता, त्यांना आठवत असेल की पंखा हळू ठेवला की तो डबा गरम व्हायचा. आतल्या तारेची गुंडाळी वाटेत अडथळा उभा करायची. थोडा दाब गुंडाळीतच खर्च व्हायचा आणि उरलेला पंख्याला मिळायचा. साध्या मॅन्युअल एसीत वेग कमी करण्याची हीच रीत आहे.

एक छोटं गणित करू. सोयीसाठी आकडे सरळ घेतले आहेत. बॅटरी १२ व्होल्ट, पहिल्या वेगाला करंट ५ ॲम्पिअर, रेझिस्टर १.२ ओहम. रेझिस्टरमध्ये खर्च होणारा दाब ५ गुणिले १.२, म्हणजे ६ व्होल्ट. मोटरला उरले ६ व्होल्ट, म्हणून ती हळू फिरते. रेझिस्टरमध्ये तयार होणारी उष्णता ६ गुणिले ५, म्हणजे ३० वॉट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावरचा सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॉटचं असतं आणि त्यावर शिसं-कथिलाची तार सहज वितळते. म्हणजे डॅशबोर्डच्या आत त्याहून तापट वस्तू बसलेली आहे.

तिला गार कोण ठेवतं? खुद्द ब्लोअर. रेझिस्टर मुद्दाम वाऱ्याच्या मार्गात बसवलेला असतो. ही रचना एकदा समजली की बाकीचं आपोआप उलगडतं.

समजा मोटरचं बूश सुकलं आणि ती जड फिरू लागली. फिरणारी मोटर एका अर्थी छोटा जनरेटरही असते. ती स्वतः उलटा दाब तयार करते आणि येणारा करंट आटोक्यात ठेवते. वेग कमी झाला की हा उलटा दाब कमी होतो आणि करंट वाढतो. मोटर पूर्ण जाम झाली तर आपल्या उदाहरणातला करंट ५ वरून १० ॲम्पिअरच्या आसपास जाईल. करंट दुप्पट, म्हणून उष्णता चौपट: १२० वॉट. आणि नेमका याच वेळी वारा थांबलेला. पहिल्या वेगावरच्या या १० ॲम्पिअरला ३० चा फ्यूज उडणार नाही. यासाठी अनेक रेझिस्टरवर एक उष्णतेने तुटणारी कडी असते. ती तुटते आणि कमी वेग मरतात. शेवटच्या वेगाला करंट रेझिस्टरला वळसा घालून थेट जातो, म्हणून तो एकटा जिवंत राहतो.

यातून एक व्यवहारी नियम निघतो. नवा रेझिस्टर दोन-तीन महिन्यांत पुन्हा जळला तर रेझिस्टरला बोल लावू नका. मोटर जड झाली आहे का आणि केबिन फिल्टर तुंबला आहे का, ते बघा.

फिल्टरबद्दल एक गैरसमज आहे. तुंबलेल्या फिल्टरमुळे मोटरवर 'लोड' येतो असं म्हणतात. प्रत्यक्षात अशा पंख्यापुढे हवाच आली नाही तर त्याला ढकलायला काही उरत नाही आणि तो हलका फिरतो. व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीवर हात ठेवला की त्याचा आवाज चढतो, ते याचमुळे. नुकसान होतं ते वेगळ्या कारणाने. वारा कमी झाला की रेझिस्टर आणि मोटर यांना गार ठेवणारं कुणी उरत नाही.

८. मोटर: हलक्या हाताची थाप

फ्यूज आणि रिले ठीक आहेत, तरी ब्लोअर गप्प. आता ग्लोव्ह बॉक्सखाली हात घाला, स्विच शेवटच्या वेगावर ठेवा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मोटरच्या तळावर दोन-तीन हलक्या थापा मारा. मोटर फिरू लागली तर कार्बन झिजले आहेत. थापेने ते क्षणभर टेकले, एवढंच. ही दुरुस्ती नाही, निदान आहे. घरी पोचण्यापुरता वारा मिळाला तर तेवढ्यावर समाधान मानून दुसऱ्या दिवशी मोटरचं काम करा. काही मोटरना नवे कार्बन बसवता येतात, काही अख्ख्या बदलाव्या लागतात.

मोटर उतरवलीच तर चाक हाताने फिरवा. ते सहज फिरून अलगद थांबलं पाहिजे. अडखळत असेल तर आत डोकावा. काचेखालच्या जाळीतून पडलेला बुचाचा किंवा गुलमोहराचा पाला, पार्किंगमध्ये उंदराने आणून ठेवलेला कापूस, फोमचे तुकडे, शेंगांची टरफलं, असं काहीही निघतं.

९. कपलर आणि अर्थ: मला महागात पडलेला धडा

हा भाग मी माझ्याच अनुभवावरून सांगतो.

माझ्या गाडीचा ब्लोअर एका जूनमध्ये बंद पडला. एका गॅरेजने मोटर खराब झाल्याचं सांगितलं आणि नवी बसवली. ब्लोअर चालू झाला, मी पैसे दिले आणि जुनी मोटर डिक्कीत टाकून घरी आलो. तीन आठवड्यांनी रत्नागिरीहून कोल्हापूरला येताना आंबा घाटात ब्लोअर पुन्हा थांबला. बाहेर पाऊस, आत चार माणसं, त्यांचे ओले कपडे. पाचेक मिनिटांत समोरची काच आतून दुधासारखी झाली. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे दोन पिवळ्या डागांसारखे दिसत होते. मी जागा बघून गाडी कडेला घेतली. पुढचा सगळा घाट दोन्ही खिडक्या उघड्या ठेवून, भिजत, शेजारी बसलेल्या बायकोने पंच्याने काच पुसत पार केला.

घरी आल्यावर डिक्कीतली जुनी मोटर काढली आणि फ्यूज लावलेल्या वायरीने बॅटरीला जोडली. ती सुरळीत फिरली. मग दोष कुठे होता?

ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने ग्लोव्ह बॉक्सखाली हात घालून मोटरचा कपलर ओढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "बघा साहेब, ही खाच कशी काळी पडली आहे ते." पांढऱ्या कपलरला दोन खाचा होत्या. एक स्वच्छ होती. दुसरीभोवतीचं प्लॅस्टिक आधी पिवळं, मग चहाच्या रंगाचं आणि कडेला थेट काळं होऊन आतल्या बाजूला झुकलं होतं. त्यातली पितळी पकड सैल झाली होती आणि तिची चमक गेली होती. वास अजून येत होता.

झालं होतं असं. सैल पकडीत पिन पुरती टेकत नव्हती. जिथे संपर्क अपुरा तिथे अडथळा, अडथळा तिथे उष्णता, आणि उष्णतेने पकड आणखी सैल. नवी मोटर बसवताना तोच कपलर काढून पुन्हा दाबला गेला, पिन नव्या जागी टेकली आणि ब्लोअर चालला. श्रेय मोटरला मिळालं. वस्तू बदलली आणि यंत्र चालू झालं, म्हणजे दोष सापडलाच असं नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

अर्थचं तसंच. पत्र्याला घट्ट बसवलेल्या रिंगखाली गंज चढला की करंटची परतीची वाट अडते. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईच्या किनारी भागात खाऱ्या हवेमुळे हे लवकर होतं. उपाय साधा: स्क्रू काढा, रिंग आणि पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, पुन्हा घट्ट आवळा. जळका कपलर मात्र घासून वापरू नका, नवाच लावा.

१०. टेस्ट लॅम्पने पाटाच्या कडेने चालणं

वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात टेस्ट लॅम्प मिळतो: टोकदार दांडी, तिच्यात १२ व्होल्टचा छोटा दिवा, शेपटीला चिमटा. या साध्या ब्लोअरच्या तपासाला तो पुरतो. एक सूचना आधी: डॅशबोर्डखाली पिवळ्या रंगाचे कपलर किंवा पिवळ्या आवरणाच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या असतात. त्यांना टेस्ट लॅम्प कधीही लावू नका. आणि कुठलाही भाग सोडवण्याआधी चावी काढून बॅटरीची निगेटिव्ह केबल उतरवा.

पहिली पायरी. चिमटा पत्र्याला लावा, चावी चालू करा. फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन ठिपके उघडे असतात. त्या दोन्हींना टोक लावा. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज ठीक. एकीकडेच लागला तर फ्यूज गेला. कुठेच लागला नाही तर वीज फ्यूजपर्यंतच आलेली नाही.

दुसरी पायरी. मोटरचा कपलर काढा, मग बॅटरी पुन्हा जोडून चावी चालू करा. स्विच शेवटच्या वेगावर ठेवा. चिमटा वायरीकडच्या कपलरच्या एका पिनेला आणि टोक दुसऱ्या पिनेला. दिवा लख्ख लागला तर येण्याची आणि परतीची, दोन्ही वाटा जोडलेल्या आहेत. आता संशय मोटरवर.

तिसरी पायरी, दिवा लागला नाही तर. चिमटा परत पत्र्याला लावा आणि दोन्ही पिनांना टोक लावून पाहा. एका पिनेवर लागला तर वीज येते आहे, परतीची वाट तुटली आहे: अर्थ, किंवा काही गाड्यांत स्विच. एकाही पिनेवर लागला नाही तर मागे जा: रिले आणि त्यापुढची वायर, आणि स्विच मोटरच्या आधी असेल तर तोही.

एक सावधानी. छोट्या दिव्याला अर्धा ॲम्पिअरही लागत नाही, मोटरला शेवटच्या वेगाला पंधरा-वीस ॲम्पिअर लागू शकतात. पायवाटेवरून माणूस जातो, बैलगाडी जात नाही. तसा गंजलेल्या जोडातून दिव्यापुरता करंट जातो, मोटरपुरता जात नाही. म्हणून दिवा लागला तरी कपलरची पिन डोळ्यांनी बघायचीच. मल्टिमीटर असेल तर कपलर जोडलेला ठेवून, स्विच शेवटच्या वेगावर लावून, मोटरच्या दोन वायरींमधला दाब मोजा. बॅटरीच्या दाबाजवळ आकडा आला आणि तरी मोटर गप्प असेल, तर मोटरच खराब. आकडा बराच कमी आला, तर उरलेले व्होल्ट वाटेत कुठेतरी सांडत आहेत.

ही पद्धत माझ्या गाडीला लावून पाहू. दिवा लागला असता, कारण दिव्यापुरता संपर्क होता. मल्टिमीटरवर मात्र मोटरला पुरता दाब मिळत नाही हे दिसलं असतं, आणि मोटर बदलायची वेळ आली नसती.

११. ऑटोमॅटिक एसी असेल तर

तापमानाचा आकडा लावता येतो अशा गाड्यांत तारेच्या रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं. ते मोटरचा करंट लागेल तेवढाच सोडतं, बहुधा सेकंदाला अनेकदा चालू-बंद करून. म्हणून अशा गाडीत "फक्त शेवटचा वेग चालतो" ही खूण सहसा लागू पडत नाही. मॉड्यूल गेलं तर बहुधा ब्लोअर एकतर पूर्ण बंद पडतो किंवा थांबायलाच तयार होत नाही. फ्यूज, कपलर आणि मोटर इथेही स्वतः तपासता येतात. मॉड्यूलला हुकूम देणाऱ्या बारीक वायरींना मात्र टेस्ट लॅम्प लावू नका. ते काम स्कॅनर असलेल्या माणसाचं.

१२. ब्लोअर फिरतो, पण वारा येत नाही

आवाज येतो आणि वारा येत नाही, तर विजेची वाट ठीक आहे, हवेची वाट अडली आहे. आधी केबिन फिल्टर काढून उजेडासमोर धरा. पलीकडचा प्रकाश दिसत नसेल तर तो बदला. बसवताना त्यावरच्या बाणाची दिशा पाळा.

फिल्टर ठीक असेल आणि सुरुवातीला चांगला येणारा वारा तासाभराच्या प्रवासात कमी होत असेल, तर कूलिंग कॉइलवर बर्फ साचत असावा. एसीचं बटण बंद करून नुसता ब्लोअर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. वारा परत वाढला तर बर्फच होता. कॉइलचा सेन्सर आणि गॅस एसीवाल्याकडून तपासून घ्या. इथे गॅसचा प्रश्न योग्य ठरतो.

डाव्या बाजूचं कार्पेट ओलं लागत असेल तर कॉइलचं पाणी बाहेर सोडणारी नळी बहुधा तुंबली आहे. ते पाणी ब्लोअरच्या डब्यात उतरलं की मोटर आणि कपलर दोन्ही गंजतात.

१३. गॅरेजमध्ये जाताना

हे सगळं स्वतः करायलाच हवं असं नाही. पण तपास कुठल्या क्रमाने व्हायला हवा हे ठाऊक असलं तर गॅरेजमध्ये नुसतं "ब्लोअर बंद आहे" असं न सांगता "शेवटचा वेग चालतो, बाकीचे नाहीत" किंवा "खड्ड्यात चालू-बंद होतो" असं सांगता येतं. चांगल्या कारागिराला एवढ्यावरून दिशा मिळते. कुणी लगेच मोटर बदलायला सांगितली तर एक गोष्ट नम्रपणे मागा: "दादा, बदलायच्या आधी कपलरवर करंट किती येतो ते मला दाखवाल का?" जुना भाग परत घ्या आणि कपलर स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

पावसाळा सुरू होण्याआधी, मे महिन्यातल्या एखाद्या सकाळी, गाडी उभी असताना ब्लोअरचे सगळे वेग एकेक करून लावून बघा, काचेखालच्या जाळीतला पाला काढा आणि फिल्टर झटका. दहा मिनिटांचं काम आहे. घाटात काच धुरकटल्यावर ही तपासणी करता येत नाही.